श्रीमंत जयाजीराव महाराज शिंदे : एका फ्रेंच चित्राच्या निमित्ताने

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली. आम्ही पडलो जन्मभर खडू झिजविणारे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक. इतिहाससंशोधनाचा अधिकार आमच्याकडे नाही. तथापि ज्ञातिबांधवांची आज्ञा मोडवत नाही, आणि या खेपेस विषयही मनात आधीच घर करून बसला होता. तो कसा, हे प्रथम निवेदन करतो.

अकोल्यास आमच्या एका स्नेह्यांचे जुने घर आहे. त्यांचे आजोबा वकिली करीत आणि त्यांना जुन्या तसबिरी जमविण्याचा नाद होता. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत बसविलेले एक काळेपांढरे चित्र अद्याप टांगलेले आहे. कागद पिवळा पडला असून एका कोपऱ्यास वाळवीही लागून गेली आहे. चित्रात रात्रीचा देखावा आहे. एक भव्य तिमजली राजवाडा, त्याची प्रत्येक कमान, प्रत्येक कठडा आणि प्रत्येक खांब दिव्यांच्या रांगांनी उजळलेला, समोर हत्ती-घोडे आणि माणसांची दाटी. खाली फ्रेंच भाषेत एक ओळ छापलेली आहे. त्या स्नेह्यांची नात पुण्यास फ्रेंच शिकते. तिने आम्हांस अर्थ सांगितला, तो असा की, प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या आगमनानिमित्त ग्वाल्हेरच्या महाराजांच्या राजवाड्यावर केलेली ही रोषणाई होय.

हे महाराज म्हणजे श्रीमंत जयाजीराव शिंदे. त्यांचे नाव ऐकताच आम्हांस आमच्याच वर्गातील एक जुना प्रसंग आठवला आणि मनास टोचणी लागली. अंजनगाव तालुक्यातील एका शाळेत आम्ही सातवीस इतिहास शिकवीत होतो. अठराशे सत्तावनचा धडा चालला होता. राणी लक्ष्मीबाईंच्या पराक्रमाचे वर्णन करता करता आमचा आवाज चढला आणि शिंद्यांनी फितुरी केली, असे आम्ही एका वाक्यात सांगून मोकळे झालो. वर्गात शिंदे आडनावाचा एक हुशार मुलगा होता. सारा वर्ग त्याच्याकडे वळून पाहू लागला. मधल्या सुट्टीत मुलांनी त्याला फितूर म्हणून चिडविले. दुसऱ्या दिवशी त्याने उभे राहून विचारले की, गुरुजी, महाराजांनी त्या वेळी काय करावयास हवे होते? आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही त्यास खाली बसावयास सांगितले. त्या गोष्टीस आता कैक वर्षे लोटली. हा लेख म्हणजे त्या मुलास उशिरा दिलेले उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

ग्वाल्हेरची हकिगत वऱ्हाडातल्या वाचकास दूरची वाटेल. वस्तुतः ती आपल्याच अंगणात सुरू होते. १८०३ साली इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याने प्रथम असई येथे व नंतर २९ नोव्हेंबर रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे मराठी फौजांचा पराभव केला. अडगावास नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याबरोबर शिंद्यांचे घोडदळही होते. पुढे १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगाव येथे तह केला आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांचा तह झाला तो आपल्या अमरावती जिल्ह्यातील सुर्जी-अंजनगाव येथे. त्या तहाने दिल्ली-आग्र्याचा मुलूख, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला शिंद्यांच्या हातून गेला. ज्या महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहास आपल्या आधाराने तख्तावर बसविले, त्यांच्या घराण्याचे स्वातंत्र्य आपल्या केळी-पानमळ्यांच्या गावी कागदावर लिहून गेले. ज्या गावाच्या नावाने तो तह ओळखला जातो, त्याच तालुक्यात आम्ही मुलांना इतिहास शिकवीत होतो. पण त्या तहाचा आणि सत्तावनचा धागा जुळवून दाखविण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. जयाजीरावांच्या वाट्यास जे राज्य आले, ते असे आधीच बांधलेले होते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

जयाजीरावांचा जन्म १८३४ सालचा. त्यांचे मूळचे नाव भगीरथराव. शिंदे घराण्याच्या एका दूरच्या शाखेतला हा मुलगा. फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव महाराज निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांची विधवा पत्नी ताराबाई ही स्वतःच अजाण वयाची होती. तिने या आठ-नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि जयाजीराव असे नाव ठेवले. अशा वेळी दरबारात जे होते तेच झाले. मामासाहेब कदम यांचा एक पक्ष व दादा खासगीवाले यांचा दुसरा. मामासाहेबांस गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांचा पाठिंबा होता. त्यांस दरबाराने दूर केले, ते निमित्त झाले आणि इंग्रजी फौज चंबळ ओलांडून आली. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पानिहार अशा दोन ठिकाणी लढाया झाल्या. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफेजवळ उभे राहून प्राण दिले. परंतु दोन्हीकडे पराभव झाला. इंग्रजांनी जिंकून नेलेल्या तोफांच्या धातूची पदके ओतली आणि ती आपल्या शिपायांच्या छातीवर लावली. ज्या मुलाच्या नावाने हे युद्ध झाले, तो तेव्हा जेमतेम मुळाक्षरे गिरविण्याच्या वयाचा होता.

जानेवारी १८४४ च्या तहाने दरबाराची फौज नऊ हजारांवर आणली गेली व त्यांतही पायदळ अवघे तीन हजार ठरले. त्याच वेळी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील ग्वाल्हेर कंटिंजंट ही पलटण मात्र वाढविण्यात आली. तिचा खर्च ग्वाल्हेरच्या मुलखाच्या वसुलातून भागवावयाचा, आणि हुकूम मात्र इंग्रजांचा चालावयाचा! महाराज वयात येईपर्यंत कारभारी मंडळाने रेसिडेंटच्या सल्ल्याने चालावे, असेही ठरले.

अशा स्थितीत १८५२ साली दिवाणगिरी आली ती दिनकरराव राजवाडे यांच्याकडे. हे मूळचे कोकणातील देवरुखचे. त्यांनी मक्त्याने वसूल करण्याची जुनी, रयतेस पिळून काढणारी पद्धत मोडली, जाचक कर उठविले, न्यायकचेऱ्यांस शिस्त लावली. तरुण महाराजांस राज्यकारभारापेक्षा लष्करी कवायतीची आवड अधिक. आपल्या पलटणी स्वतः उभ्या करून, स्वतः हुकूम देऊन त्यांची कवायत घेण्यात त्यांचा दिवस जाई. ज्या राजास खरी फौज ठेवण्याची मुभा नाही, त्याने कवायतीचा असा ध्यास घ्यावा, याचे मर्म सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

आता सत्तावन साल. १४ जून १८५७ च्या रात्री मोरारच्या छावणीत ग्वाल्हेर कंटिंजंट उठली. काही इंग्रज अधिकारी मारले गेले. जी बायकामुले वाचली त्यांस महाराजांनी आग्र्याकडे जाण्यास साहाय्य केले. बंडवाले शिपाई महाराजांस म्हणू लागले की, आपण पुढारपण घ्यावे आणि आम्हांस आग्र्यावर न्यावे. महाराज तेव्हा तेवीस वर्षांचे. त्यांनी व दिनकररावांनी त्या शिपायांस ना होकार दिला ना नकार. पगार देऊन, आश्वासने देऊन, आज-उद्या करीत त्यांस महिनोन्महिने ग्वाल्हेरातच थोपवून धरले. तेवढ्यात दिल्ली पडली. पुढे तात्या टोपे गुप्तपणे आले, ती पलटण आपल्याकडे वळवून काल्पीस व तेथून नोव्हेंबरात कानपुरास घेऊन गेले; परंतु तोपर्यंत योग्य वेळ निघून गेली होती. ग्वाल्हेर उठले असते तर सारा मध्य हिंदुस्थान व दक्षिणेतील मराठी मुलूख पेटला असता, असे इंग्रज ग्रंथकारही मान्य करतात. तेव्हा महाराजांच्या या धोरणाचा इंग्रजांस केवढा फायदा झाला, हे सांगण्यास इतिहासाची पदवी नको.

३० मे १८५८ च्या सुमारास रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई काल्पीच्या पराभवानंतर ग्वाल्हेरच्या वेशीवर येऊन ठेपले. पेशव्यांच्या घरचा माणूस शिंद्यांच्या दारी आश्रय मागत होता. शिंदे म्हणजे पेशव्यांचे जुने सरदार. राणोजी शिंद्यांपासूनचे ते नाते. महाराजांनी १ जून रोजी बहादूरपूरजवळ आपली फौज त्यांच्यावर नेली. पण ज्या फौजेची ते रोज कवायत घेत, तिनेच त्यांचा हुकूम मानला नाही. बहुतेक शिपाई स्वस्थ उभे राहिले, पुष्कळसे समोरच्या पक्षास जाऊन मिळाले. हुजुरातीचे थोडे स्वार तेवढे लढले. महाराजांनी ढोलपूरमार्गे आग्रा गाठले. आपल्याच शिपायांनी आपल्यास सोडावे, याहून राजास मोठी शिक्षा ती कोणती? आमच्या मते जयाजीरावांचा खरा निवाडा इंग्रजांनीही केला नाही आणि आमच्यासारख्या मास्तरांनीही नाही. तो त्या दिवशी त्यांच्याच शिपायांनी केला.

पुढील हकिगत सर्वश्रुत आहे. फुलबागेत दरबार भरला, खजिन्यातून शिपायांस पगार वाटले गेले. पण पुढच्या लढाईची तयारी हवी तशी झाली नाही. सर ह्यू रोज १६ जूनला मोराराजवळ येऊन थडकला. कोटा-की-सराय येथील लढाईत राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आले. ग्वाल्हेर पडले, आणि २० जून १८५८ रोजी इंग्रजांनी जयाजीरावांस पुन्हा गादीवर बसविले.

येथे आपल्या वऱ्हाडासंबंधी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. १८५३ सालीच निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आले होते. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा उतरून मुलताईपर्यंत आले. मोर्शी-वरूडच्या माणसास मुलताई काही परदेश नव्हे. तरीही वऱ्हाड उठले नाही. आपापली वतने, आपापली शेते सांभाळून आपले पूर्वज घरात बसले. त्यांस आपण फितूर म्हणत नाही. भ्यालेले, सावध, संसारी लोक म्हणतो. मग तोच काटा महाराजांस लावताना आपण का बदलतो? राजाची जबाबदारी मोठी, म्हणून त्याचा दोष मोठा, हे खरे. पण दोषाचा प्रकार तोच आहे, हे विसरू नये.

इंग्रजांनी महाराजांस बक्षिसे दिली. तीन लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख दिला, पायदळ तीन हजारांचे पाच हजार व तोफा बत्तिसांच्या छत्तीस करण्यास परवानगी मिळाली. दत्तकाची सनद मिळाली. स्टार ऑफ इंडियाचा किताब मिळाला. १८६१ साली तर झांशी शहर व किल्लाही शिंद्यांस देण्यात आला. ज्या झांशीसाठी राणीने देह ठेवला, ती झांशी शिंद्यांच्या पदरात बक्षीस म्हणून पडली, हे वाचून कोणाही मराठी माणसाची मान खाली जाईल. पण ही सर्व बक्षिसे एका पारड्यात घातली, तरी दुसऱ्या पारड्यात एक मोठी वस्तू होती, ती इंग्रजांनी परत दिली नाही. ती म्हणजे ग्वाल्हेरचा किल्ला. भोवतालच्या मुलखावर नजर ठेवणारा, शहराच्या डोक्यावर उभा असलेला तो प्रचंड दुर्ग इंग्रजांनी १८५८ साली आपल्या ताब्यात ठेवला, आणि इमानी म्हणून गौरविलेल्या राजाच्या शिरावर आपली पलटण आणि तोफा कायम ठेवल्या. आम्ही तुमच्यावर प्रसन्न आहोत, पण विश्वास मात्र ठेवीत नाही, असाच त्याचा अर्थ झाला.

या दरबाराने चांगले काय केले, तेही सांगितले पाहिजे. हद्दूखाँ व हस्सूखाँ या ख्यालगायकांस ग्वाल्हेर दरबारचा आश्रय होता. तेथील गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी कष्टाने आत्मसात करून महाराष्ट्रात आणली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ती देशभर पसरविली. आज अमरावती-अकोल्याच्या गणेशोत्सवांत जे ख्यालगायन ऐकू येते, त्याचे एक मूळ ग्वाल्हेरच्या दरबारात आहे. १८७२ साली इंदूर-नीमच लोहमार्गासाठी महाराजांनी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले. काटकसर तर अशी की, त्यांच्या मृत्यूनंतर भूमिगत कोठड्यांतून रोकड रकमेचे मोठे साठे निघाले.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८७४ साली आपण नानासाहेब पेशवे आहोत असे सांगणारा एक इसम महाराजांच्या हाती लागला, तो त्यांनी इंग्रजांच्या स्वाधीन केला. चौकशीत तो नानासाहेब असल्याचे सिद्ध झाले नाही. येथे महाराज पुन्हा पूर्वीसारखेच वागले. पण लगेच १८७५ च्या आरंभी बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंटास विष घालविल्याचा आरोप आला, आणि चौकशी मंडळावर तीन इंग्रजांबरोबर जयाजीराव, जयपूरचे महाराज व दिनकरराव राजवाडे यांची नेमणूक झाली. इंग्रज सभासदांनी मल्हाररावांस दोषी ठरविले. जयाजीराव, दिनकरराव आणि जयपूरकर या तिघांनीही त्यास मान्यता दिली नाही. आरोप शाबीत झालेला नाही, असेच जयाजीरावांचे मत पडले. मंडळ असे दुभंगले, तरी सरकारने मल्हाररावांस पदच्युत केलेच. परंतु सरकारला काय हवे आहे हे स्पष्ट दिसत असताना, ज्याचा किल्ला सरकारच्या मुठीत आहे अशा राजाने सरकारच्या मताविरुद्ध आपले मत लिहून द्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. आम्ही वर्गात हे कधी सांगितले नाही, कारण आम्हांस ते तेव्हा ठाऊकच नव्हते.

यानंतर वर्षभरातच त्या चित्रातील रात्र आली. राणी व्हिक्टोरियाचे ज्येष्ठ पुत्र, प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे सातवे एडवर्ड म्हणून जे गादीवर आले, ते ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबईस उतरले आणि देशभर हिंडून ३१ जानेवारी १८७६ रोजी आग्र्याहून ग्वाल्हेरास आले. त्यांच्या स्वागतासाठीच जयविलास राजवाडा १८७४ साली बांधून तयार झाला होता. महादजींच्या काळापासून शिंद्यांच्या चाकरीत असलेल्या फिलोज घराण्यातील मायकेल फिलोज हे त्याचे रचनाकार. घाट सगळा युरोपी. खालचा मजला, मधला मजला आणि वरचा मजला यांचे खांब वेगवेगळ्या धाटणींचे. दरबार महालात दोन झुंबरे आहेत, ती प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची. छत हे ओझे पेलील किंवा नाही हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढविले होते, अशी गोष्ट ग्वाल्हेरास सांगतात. या राजवाड्यास तेव्हाचा एक कोटी रुपये खर्च आला, असे म्हणतात. पाहुण्यांचा मुक्काम येथेच झाला, मेजवानी झाली, आणि महाराजांनी आपल्या फौजेची कवायत स्वतः हुकूम देऊन राजपुत्रास दाखविली. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. अशा प्रसंगी बांबूच्या ताट्या बांधून त्यांवर तेलाच्या पणत्या व काचेच्या लहान हंड्या ओळीने लावीत. वाऱ्याची झुळूक आली की रांगच्या रांग विझे, आणि तेलवाले पुन्हा धावत. किती हात त्या रात्री राबले असतील, याची कल्पनाच करावी.

युरोपातील सचित्र साप्ताहिकांस राजपुत्राच्या दौऱ्याची चित्रे हवी होती. चित्रकाराचे रेखाटन आगबोटीने जाई, तेथे ते घट्ट लाकडाच्या ठोकळ्यांवर उतरवून कारागीर कोरीत, आणि असे अनेक ठोकळे जोडून मोठे चित्र छापीत. या कामाची एक खुबी एका छापखानेवाल्या गृहस्थांनी आम्हांस समजावून दिली. लाकडाचा जो भाग कोरून काढावा, तो कागदावर पांढरा उमटतो. जो तसाच ठेवावा, त्यावर शाई बसून तो काळा छापतो. म्हणजे चित्रातील प्रत्येक दिवा हा लाकडाचा काढून टाकलेला कण होय आणि काळोख म्हणजे न कोरलेले लाकूड. अकोल्याच्या त्या चित्रात राजवाड्यामागे सारे काळे आहे. तेथे काय आहे, ते कारागिराने दाखविलेले नाही.

तेथे काय आहे, हे पाहण्यासाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही मुद्दाम ग्वाल्हेरास गेलो. राजवाड्याच्या एका भागात १९६४ सालापासून वस्तुसंग्रहालय आहे. झुंबरे पाहिली, गालिचे पाहिले. बाहेर आवारात येऊन मान वर केली, तो डोंगरावरचा किल्ला समोर उभा! तेव्हा त्या चित्रातला काळोख आम्हांस उमगला. १८७६ च्या त्या रात्री खाली हजारो पणत्या जळत होत्या आणि वर किल्ल्यावर इंग्रजी पलटणीचा पहारा होता. ज्यांच्या सन्मानासाठी दिवे लावले, त्यांचेच शिपाई यजमानाच्या घरावर तोफा रोखून बसले होते. रोषणाई करणाऱ्याच्या मनात त्या रात्री हे आले नसेल, असे म्हणवत नाही. किल्ला परत मिळावा, ही महाराजांची इच्छा जन्मभर राहिली. तेथून थोड्याच अंतरावर फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. तेथेही जाऊन मस्तक टेकविले. दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहिली, हे बरे झाले.

पुढे महाराजांस आणखी मान मिळाले. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांस इंग्रजी सैन्यातील जनरल हा मानाचा हुद्दा देण्यात आला. ज्या राजाला नऊ हजारांहून अधिक माणसे ठेवण्याची एकेकाळी बंदी होती, तो आता कागदोपत्री इंग्रजांचा सेनापती झाला! अखेर १८८६ साली लॉर्ड डफरिन यांच्या कारकीर्दीत किल्ला व मोरारची छावणी शिंद्यांस परत मिळाली. पण फुकट नव्हे. बदल्यात झांशीचे शहर व किल्ला इंग्रजांस द्यावा लागला. अठ्ठावीस वर्षे ज्याची वाट पाहिली, तो किल्ला हाती आला आणि त्याच वर्षी, काही महिन्यांतच, २० जून १८८६ रोजी जयाजीरावांचा अंत झाला. ज्या तारखेस अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते परक्यांच्या हाताने गादीवर पुन्हा बसले होते, तीच ही तारीख. वय अवघे बावन्न. मागे राहिलेला मुलगा माधवराव तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. त्याचा जन्म त्या रोषणाईच्याच वर्षी, ऑक्टोबर १८७६ मध्ये झाला होता. बापाप्रमाणेच तोही अजाण वयात गादीवर आला आणि पुन्हा कारभारी मंडळ आले.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. महाराजांनी काय करावयास हवे होते? आमचे प्रामाणिक मत असे की, १८५७ च्या जूनमध्ये त्यांनी उठावयास हवे होते. निदान १८५८ च्या जूनमध्ये पेशव्यांवर आणि राणीवर तोफा न्यावयास नको होत्या. हा दोष कोणत्याही झुंबराच्या प्रकाशात लपत नाही, आणि आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहितो म्हणून तो झाकण्याचे पाप आम्ही करणार नाही. पण त्या मुलास आम्ही हेही सांगावयास हवे होते की, महाराज तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे होते. लहानपणी एकाच दिवशी दोन लढाया हरून राज्य कसे बुडते, हे त्यांनी पाहिले होते, आणि उरलेले राज्य वाचविणे हेच कर्तव्य असे त्यांस शिकविले गेले होते. राज्य वाचले, पण ते कोणाचे उरले, हा प्रश्न किल्ल्यावरच्या पहाऱ्याने त्यांस रोज विचारला. त्या प्रश्नाची पुरती किंमत त्यांनी मोजली. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, त्या कृत्याचा जाब वऱ्हाडातल्या एका शेतकऱ्याच्या पोराकडे, केवळ आडनाव तेच म्हणून, मागण्याचा अधिकार कोणासही नाही. शिक्षकास तर नाहीच नाही. आडनावाबरोबर शेत येते, देव येतो, कुळाचार येतो. पाप येत नाही. तसेच आडनावाबरोबर पराक्रमही आपोआप येत नाही, हे आपण स्मरणिकांतून महादजींचे पोवाडे गाताना ध्यानी ठेवले पाहिजे. एकाचा वारसा सांगावयाचा आणि दुसऱ्याचा नाकारावयाचा, हा न्याय नव्हे.

तो मुलगा आज चाळिशीच्या घरात असेल. त्याच्या मुलांनाही कोणी गुरुजी हा धडा शिकवीत असतील. ते या ज्ञातिसभेचे सभासद असोत वा नसोत, हा लेख त्यांच्या वाचनात आला तर आम्हांस समाधान वाटेल. आणि त्या दिवशी आम्ही त्यास खाली बसविले, याबद्दल त्याने आम्हांस क्षमा करावी.

आपल्या घरोघरी जुन्या पेट्यांतून सनदा, वतनाचे कागद, तसबिरी पडून आहेत. त्या वाळवीच्या स्वाधीन न करता मंडळाकडे नोंदवाव्यात, त्यांत जे लिहिले असेल ते, भूषणाचे असो वा कमीपणाचे, जसेच्या तसे पुढील स्मरणिकांत यावे, एवढी विनंती करून आणि ज्या स्नेह्यांनी ते चित्र आम्हांस पुन्हा पुन्हा पाहू दिले त्यांचे आभार मानून आम्ही ही लेखणी खाली ठेवतो.